साफ ताटांचं घर

माझ्या धाकट्या बहिणीची मुलं ताटात काही टाकत नाहीत, याचं आमच्या सगळ्या नातेवाइकांत फार कौतुक होतं. इतरांची पोरं जेवायला बसली की घरात रणधुमाळी. हे नको, ते नको, याला वास येतो, त्यात कांदा दिसतो. धाकटीची दोघं मात्र खाली मान घालून शेवटच्या शितापर्यंत जेवायची. "वळण लावावं तर असं," काकू-आत्या म्हणायच्या. मीही म्हणायचे. तेव्हा माझी जीभ झडली कशी नाही, याचं आता नवल वाटतं.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते. भूक मेलेल्या माणसांसाठी जेवण करणं हा माझा धंदा. मी केलेलं सूप लोक तोंड वाकडं करून परत पाठवतात आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत दुसरं करते. मोठाली पातेली उचलून माझे दंड पैलवानाचे झालेत आणि स्वभाव त्याहून आडदांड. लग्न केलं नाही. हिच्या तोंडापुढे टिकेल असा कुणी जन्मालाच आला नाही, असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

धाकटीचा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागतं. एखादी शिकाऊ बाई सरळ भिंतीवर गाडी घालायला निघाली तरी तो ओरडायचा नाही. आपल्या पायाखालचा दुसरा ब्रेक दाबायचा आणि म्हणायचा, "काही हरकत नाही, पुन्हा करू." मला वाटायचं, धाकटीनं नशीब काढलं.

मग एक दिवस धाकटीचा फोन आला. बाथरूममध्ये पाय घसरला, हात मोडला म्हणाली. "ताई, प्लास्टर निघेपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक करशील का गं? एका हातानं काही जमेना." मी म्हटलं, "एवढंच ना? तीनशे माणसांचं करते, तुमचं चौघांचं काय डोंगर आहे?"

पहिल्या संध्याकाळी मी अगदी हौसेनं कोंबडी शिजवली. मटार, गाजर, बटाटे, वरून मिरी. वासानं जिना भरला. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला धाकटी, मध्ये समोरासमोर मुलं. थोरली मुलगी राणी. हे तिचं खरं नाव नव्हे, पण नाकावर माशी बसू देत नाही म्हणून सगळे तिला राणीच म्हणायचे. धाकटा ढब्बू, अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून ढब्बू.

राणीनं एकेक मटार चमच्यानं बाहेर काढला आणि ताटाच्या काठाला ओळीत लावला. ढब्बूची तऱ्हा वेगळी. त्याला गाजर गिळवत नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तो एक तुकडा तोंडात टाकायचा, त्यावर पाणी प्यायचा, डोळे गच्च मिटायचा आणि गिळायचा. डोळ्यांतून पाणी येत होतं. संपल्यावर म्हणाला, "छान झालंय मावशी." पण बघत होता बापाकडे.

राणीच्या ताटात मटार राहिले. धाकटीनं आपला चमचा खाली ठेवला. मी आपली गमतीत म्हणाले, "काय गं, मटारांची शाळा भरवलीस का? आण इकडे, मी खाते." मी हात पुढे केला तर मास्तरनं त्या ताटावर अलगद आपला पंजा ठेवला.

"असू दे ताई. ज्याचं त्याच्या ताटात," तो हसून म्हणाला. "तुम्ही पहिल्यांदाच केलंत. चालायचंच."

किती समजूतदार माणूस, असं म्हणत मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा ओठ टरारून सुजला होता आणि कानामागची कातडी काळीनिळी. "कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली. "त्या कपाटाला बोटं फुटलीत का?" मी विचारलं, कारण कानामागे बोटं उमटलेली सरळ दिसत होती. तिनं चष्मा नीट केला आणि एका हातानं टेबल पुसायला लागली.

मला सांगितलं ते ढब्बूनं. मी गाजरं सोलत होते आणि तो शेजारी उभा राहून सालं मोजल्यासारखी बघत होता.

"तुला गाजर आवडत नाही ना रे?"

"खातो मी," तो घाईनं म्हणाला. "मला किती वाढणार?"

"नको असेल तर नको खाऊस. आभाळ कोसळतं का?"

त्यानं मागे वळून दाराकडे पाहिलं. मग अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "तसं नसतं मावशी. ताटात राहिलं म्हणजे जेवण चांगलं झालं नव्हतं. मग बाबा आईला मारतात. काल राणीचे मटार राहिले ना." आणि मग मान ताठ करून, "आम्हाला नाही मारत. आमचे बाबा मुलांना कधीच मारत नाहीत."

माझ्या हातात सोलाणं होतं. तेच घेऊन बाहेर जावं आणि त्या मऊ आवाजाच्या गळ्याचं साल काढावं असं वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी तसंच वाटलं. मी बनवलेल्या जेवणापायी माझ्या बहिणीचा ओठ फुटला होता.

धाकटीनं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लावून घेतलं. "ताई, तुझ्या पाया पडते, एक शब्द बोलू नकोस. तू बोलशील आणि निघून जाशील. नंतर माझं काय होईल?"

"चल माझ्याबरोबर. आत्ता. पोरांना घे."

"आणि त्यांचा बाप? तो त्यांना सोडेल? ताई, तो मुलांना हात लावत नाही. एवढं एक त्यानं पाळलंय. मी इथं असेपर्यंत पाळेल. माझंच चुकतं गं, माझ्या हाताला चव नाही. तू जरा त्यांच्या आवडीचं करत जा. ताटं साफ झाली की घरात काही नसतं. खरंच काही नसतं."

हात कसा मोडला ते मी विचारलं. "पालक," ती म्हणाली. दोघांच्याही ताटात राहिला होता.

अंगाचा तिळपापड झाला होता माझ्या. पण तिची भीती माझ्याही अंगात शिरली असावी, कारण मी शहाणीनं काय केलं? कंबर कसली आणि चांगला स्वयंपाक करायला लागले. दुसऱ्या कुणी असं केलेलं ऐकलं असतं तर मी तिला बावळट म्हटलं असतं.

आणि केलं तरी कसं! हॉस्पिटलात कधी एवढा जीव ओतला नव्हता. राणीला एक पदार्थ दुसऱ्याला शिवलेला चालत नाही, हे मी हेरलं. भात एकीकडे, अंडं दुसरीकडे, मध्ये चार बोटं कोरी जागा. बटाटा चौकोनीच हवा, गोल कापला की तिला त्यात मातीचा वास यायचा. ढब्बूला दाताखाली काही कचकन आलं की उमासा यायचा, म्हणून त्याचं गाजर वाटून, गाळून बटाट्यात लपवायचं आणि वर लोणी ठेवायचं, म्हणजे पिवळा रंग लोण्याचा वाटतो. मासा असला तर काटे काढून पुन्हा बोटांनी चाचपायचा. ताटं वाढायची ती मोजून. कमी वाढलं तर मास्तर म्हणायचा, "ताई, पोरं उपाशी राहतील," आणि स्वतःच्या हातानं आणखी एक डाव वाढायचा. तो जादाचा डाव हाच खरा वैरी. तो पोटात कुठे जाईल याचा हिशेब मी दुपारपासून करायचे.

ताटं साफ व्हायला लागली. रोज. धाकटीच्या ओठाची खपली पडली. ढब्बू तर एकदा जेवताना हसला. आणि मी, देवा, मी खूश होते! स्वतःच्या पाठीवर थाप मारत होते. मास्तर टेबलावरून उठताना म्हणायचा, "ताई आल्या आणि घराला शिस्त लागली." ते ऐकून मला आतून बरं वाटायचं. त्याच्या नियमानं मी त्याच्याच टेबलावर खेळत होते आणि जिंकतेय असं समजत होते.

एका संध्याकाळी मी पोचले तेव्हा राणीचा पारा चढलेला होता. तिच्या मैत्रिणी पोहायला जाणार होत्या आणि धाकटीनं तिला नाही म्हटलं होतं, कारण तिच्या कानातून पू येत होता, डॉक्टरनं पाण्यात जाऊ नको म्हणून बजावलं होतं. पोरगी थयथयाट करत होती. दार आपटलं, चपला भिरकावल्या. "तू मला काहीच करू देत नाहीस!" धाकटी म्हणाली, "कान बरा झाला की जा, मी स्वतः सोडीन." राणी एकदम गप्प झाली. आईकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, समजलं तिला. तिला काय समजलं होतं ते मला थोड्या वेळानं कळलं.

त्या दिवशी मी तिचंच जेवण केलं होतं. ऑम्लेट, त्याचे चौकोन, कोरा भात, चौकोनी बटाटे, काही काही शिवत नव्हतं. रुसवा काढायचा म्हणून मुद्दाम. तिनं निम्मं खाल्लं, चवीनं खाल्लं. मग चमचा खाली ठेवला. तोंड पुसलं. ताट दोन्ही हातांनी टेबलाच्या मध्यावर सरकवलं आणि बापाकडे पाहिलं.

"मला नको. बेचव आहे."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला ते बेचव लागलं नव्हतं.

धाकटीलाही ते कळलं. तिनं राणीकडे पाहिलं, फक्त एकदा. मग चष्मा काढला, उठून फ्रिजवर ठेवला आणि भिंतीजवळ, मुलांपासून लांब, जाऊन उभी राहिली. कुणी काही सांगितलं नव्हतं. बस येताना दिसली की माणूस रांगेत पुढे सरकतो, तशी ती आपली जागा घ्यायला गेली.

मास्तरनं बाही दुमडली. "राणी, नक्की?" त्यानं विचारलं.

"नक्की," राणी म्हणाली.

मग त्यानं मारलं. पहिली थप्पड उघड्या हाताची, कानावर. धाकटीचं डोकं भिंतीवर आदळलं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दुसरा फटका पोटात. ती वाकली तसं त्यानं केस धरून तिला सरळ केलं, एखादी खुर्ची नीट लावावी तसं. "मुलं दिवसभर शाळेत असतात," तो त्याच मऊ आवाजात म्हणत होता. "घरी आल्यावर धड दोन घास नकोत?" तिनं प्लास्टरचा हात तोंडापुढे धरला तर त्यानं तो खाली ओढला. ती किंचाळली.

आणि ढब्बू! तो खुर्चीवर चढला, टेबलावर आडवा झाला आणि राणीच्या ताटातलं दोन्ही हातांनी तोंडात कोंबायला लागला. भात, बटाटे, अंडं, सगळं एकदम. गाल फुगले, नाकातून शितं आली. "संपलं!" तो भरल्या तोंडानं ओरडत होता. "बाबा, बघा ना, संपलं! ताट साफ आहे!"

मी उठले कधी ते मला आठवत नाही. लोखंडी तवा मंद गॅसवरच होता, तेल अजून तडतडत होतं. दांडा हाताला पोळला तेवढं आठवतं. तो मी त्याच्या खांद्यावर घातला. पातेली उचलणाऱ्या हातांनी, सगळा जोर लावून. आत काहीतरी कट्‌कन मोडलं. धाकटीचे केस त्याच्या मुठीतून सुटले. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"ताई, हे बरं नाही केलंत."

त्यानं चांगल्या हातानं माझी मान धरली आणि मला टेबलाच्या कडेवर आपटलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला. तोंड रक्तानं भरलं. ते मी त्याच्या तोंडावर थुंकले आणि तवा आडवा फिरवला, गुडघ्यावर. तो खाली बसला. मी पुन्हा मारलं. आणि पुन्हा. त्यानं हात वर केला तर हातावर, पाठ केली तर पाठीवर. मी थांबणार नव्हते. मला थांबायचंच नव्हतं. "मेल्या, आता सांग बेचव कोण ते!" असं काहीतरी मी ओरडत होते. धाकटीनं मागून माझ्या कमरेला एका हाताची मिठी घातली. "मरेल गं तो, ताई, मरेल!"

मेला नाही. ओट्याला टेकून बसला होता, धापा टाकत, तेल आणि रक्तानं माखलेला. आम्ही मुलांना ओढत दाराशी आलो तेव्हा त्यानं हाक मारली, तितक्याच मऊपणे. "राणी, तू थांब बाळा."

आणि राणी थांबली. तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. एकेक बोट सोडवावं लागलं मला. तिनं मला लाथा मारल्या, ओरबाडलं, जिनाभर "बाबा, बाबा" करून बिल्डिंग गोळा केली. लोक दारं किलकिली करून बघत होते. माझ्या तोंडातून रक्त, काखेत किंचाळणारी पोर. मीच पोरं पळवणारी बाई दिसत असणार.

नंतरचं पोलीस, डॉक्टर, वकील हे सगळं यथासांग झालं. त्यानं माझ्यावर तक्रार केली, आम्ही त्याच्यावर. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, याची मला खंत नाही. कोर्टानं त्याला आमच्या दारापासून लांब राहायला सांगितलं आणि सध्या तरी तो राहतोय. धाकटी आणि मुलं माझ्याकडे आली. एक खोली, एक स्वयंपाकघर. सुटली एकदाची, असं मी चार लोकांना छाती फुगवून सांगितलं.

मुलं माझ्याकडेही ताटं साफ करत होती. मी म्हणायचे, अरे राहू द्या, नको असेल तर राहू द्या. ती हो म्हणायची आणि साफ करायची. ढब्बू रात्रीचं जेवण बहुधा ओकून टाकायचा, मोरीत, आवाज न करता. राणी आईशी बोलत नव्हती. लागेल वेळ, मी म्हणायचे. आपलं जेवण आहे, आपलं घर आहे, बसेल घडी.

त्या संध्याकाळी मी सकाळपासून उभी होते. हॉस्पिटलात दोघी कामावर आल्या नव्हत्या. तुटलेल्या दाताचा खुंट ठणकत होता. तरी घरी येऊन मी मासा केला, काटे काढून, दोनदा चाचपून. वाढला. ढब्बूनं एक घास घेतला, तोंडात फिरवला आणि ताटात थुंकला.

"मला नको," तो म्हणाला. हलक्या आवाजात, माझ्याकडे न बघता.

हेच तर मला हवं होतं. याच्याचसाठी मी तवा उचलला होता, दात घालवला होता. पण डोकं ठिकाणावर असेल तर ती मी कसली! कण्‌ असं काहीतरी दातातून मस्तकात गेलं. "एवढं मरमर करून आणते आणि थुंकतोस? खा म्हणते ना!" मी ओरडले आणि हात उगारला. त्याच्या डोक्यावर, पंजा उघडा.

ढब्बूनं डोळे मिटले. राणीनं मात्र मान वर केली. किती तरी दिवसांनी ती माझ्याशी आपणहून बोलली, आणि रागानं नाही, चुकीची गल्ली विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं.

"मावशी, त्याला नाही. आईला."

माझा हात तसाच वर राहिला.

"मुलांना नाही मारायचं," ती म्हणाली. "आईला मारायचं असतं." मी हलत नाही असं बघून तिनं सुस्कारा टाकला, खुर्ची मागे सरकवली आणि उतरली. "थांब. मी दाखवते."

ती टेबलाला वळसा घालून आईपुढे जाऊन उभी राहिली. धाकटी बसलेली होती, त्यामुळे दोघींची तोंडं समोरासमोर आली. राणीनं बाही वर दुमडली. अगदी तशीच, दोन घड्या. आणि हात मागे नेऊन आईच्या कानावर फटका घातला.

पण तो बसला नाही. धाकटीनं तिचं मनगट वरच्या वर धरलं.

माझ्या बहिणीनं इतक्या वर्षांत अंगावर आलेला एकही हात धरला नव्हता. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं असावं, कारण ती क्षणभर त्या मनगटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही."

"सोड!"

"नाही. मारायचं नाही. मला नाही, ढब्बूला नाही, कुणाला नाही."

राणी पिसाळली. तिनं दुसऱ्या हातानं आईला मारायला घेतलं, धाकटीनं तोही धरला, नुकत्याच प्लास्टरमधून निघालेल्या त्या बारक्या, पांढऱ्या हातानं. राणीनं लाथा घातल्या. नडगीवर, पोटात. मग खाली वाकून आईच्या मनगटाला कडकडून चावली. दात रुतले, रक्त आलं. धाकटीचं तोंड वेडंवाकडं झालं पण पकड सुटली नाही. मी पुढे धावले, पोरीची मान धरून तिला बाजूला करायला, आणि एक ठेवून द्यायलाही, कबूल करते.

"ताई, तू बस," धाकटी म्हणाली.

जन्मात तिनं मला कधी हुकूम सोडला नव्हता. मी बसले. हात मांडीखाली दाबून बसले.

"मी जेवले नाही तरी?" राणी किंचाळत होती. "मी काहीच खाल्लं नाही तरी? सगळं टाकलं तरी?"

"तरी."

"खोटं!"

"टाकून बघ."

त्यासाठी तिला हात हवा होता म्हणून धाकटीनं एक सोडला. राणीनं त्या हातानं आपलं ताट जमिनीवर भिरकावलं. काचेच्या ठिकऱ्या उडाल्या, मासा माझ्या पायाशी पडला. मग आईचं ताट. मग माझं. प्रत्येक ताटानंतर ती थांबायची, धापा टाकत, आणि आईच्या तोंडाकडे बघायची, मग माझ्या हातांकडे. माझे हात मांडीखाली होते. शेवटी टेबलावर फोडायला काही उरलं नाही, आणि तिचे गुडघे वाकले. ती काचांवर पडू नये म्हणून धाकटीनं तिला मनगटानंच वर उचलून मांडीवर ओढली. राणी तिथंही धडका देत होती, छातीवर, डोक्यानं. नंतर नंतर त्या धडकांमधला जोर गेला. धाकटीच्या हातातलं रक्त राणीच्या फ्रॉकवर पसरत होतं आणि दोघींपैकी कुणी तिकडे बघत नव्हतं.

ढब्बूचं ताट तेवढं शाबूत होतं. त्यानं ते आधीच उचलून पोटाशी धरलं होतं. तो खुर्चीवरून उतरून, काचा चुकवत माझ्याजवळ आला. तोंड पांढरंफटक.

"मावशी, हे कोण संपवणार?"

"कुणी नाही," मी म्हटलं. मांडीखालचे हात काढले, त्याच्याकडून ताट घेतलं आणि कचऱ्याचा डबा उघडून सगळा मासा त्यात ओतला. माझा, दोनदा चाचपलेला मासा.

त्यानं डब्यात वाकून पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. श्वास धरून, खांदे कानाशी नेऊन उभा राहिला. किती तरी वेळ तसाच.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता काही नाही," मी म्हटलं.

त्याला ते खरं वाटलं नाही. तो डब्याशेजारीच उभा राहिला, वाट बघत.